दिवा सक्तीचा, वाचन मक्तेदारीचे

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकापाठोपाठ एक लागतात. शेती, मिठागरे आणि खाडी यांवर पोसलेल्या या पट्ट्यात मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. भाड्याने चालणारी टुरिस्ट गाडी, मासळीचा वा भाजीचा टेम्पो, शाळेची व्हॅन यांवर कित्येक घरांची चूल अवलंबून असते आणि त्या गाडीवर बँकेचा वा वित्तसंस्थेचा हप्ता चढलेला असतो. अशा गाडीच्या चालकासमोरील फलकावर एके सकाळी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालू असते, आवाजात फरक नसतो, ओढही कमी झालेली नसते. दिवा मात्र विझत नाही. त्या क्षणी चालकापुढे उभा राहणारा प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा दिसला तरी त्याचे मूळ अर्थकारणात आहे. हा दिवा काय सांगतो आहे, हे त्याला कोण सांगणार, आणि किती पैसे घेऊन?

मोटार कंपन्यांनी हा दिवा ग्राहकाच्या कळवळ्यापोटी बसविला, असा कोणाचा समज असेल तर तो वस्तुस्थितीला सोडून आहे. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याला विटलेल्या कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंसाधन मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून तो सक्तीचा केला. इंजिनातील प्रदूषणरोधक यंत्रणा बिघडली तर ती चालकाच्या नजरेस यावी, एवढाच त्यामागील हेतू होता. १९९० साली अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९६ पासून त्या देशातील प्रत्येक नव्या मोटारीत याच यंत्रणेची सुधारित व प्रमाणित आवृत्ती आली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर एप्रिल २०१० मध्ये तिचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा टप्पा आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम साऱ्या देशाला लागू झाले. तात्पर्य, हा दिवा कायद्याचे अपत्य आहे. सर्वांच्या फुप्फुसांसाठी शासनाने तो लावायला लावला, आणि त्याची किंमत गाडी घेणाऱ्याने गाडीच्या किमतीतच मोजलेली आहे.

आता हा दिवा सांगतो तरी काय? तेलाच्या बुधलीचा लाल दिवा आणि हा पिवळा दिवा यांत पुष्कळांची गल्लत होते. लाल दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे, नाही तर ते जाम होईल. पिवळा दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर दिवसाची फेरी पुरी करून गॅरेज गाठायला हरकत नसते. तोच दिवा उघडझाप करू लागला तर मात्र गाडी मिसिंग करते आहे, न जळालेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये शिरते आहे आणि त्याला आतून जाळते आहे, असे समजावे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा असलेला हा कन्व्हर्टर गाडीतील अत्यंत महागड्या भागांपैकी एक. शंभर रुपयांच्या हयगयीतून हजारोंचा खड्डा पडतो तो येथे. दिव्यामागे असलेला छोटा संगणक दोषाचा एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा लागत नाही. आणि दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, वेग, तापमान काय होते याचे एक टिपणही संगणक राखतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा टाचण्यांचे एक खोबण असते. त्यात वाचनयंत्र खोचले की हा क्रमांक दिसतो. गॅरेजच्या भाषेत याला स्कॅनर लावणे म्हणतात.

क्रमांक दिसला म्हणजे निदान झाले, हा मात्र मोठा भ्रम आहे, आणि साऱ्या व्यवहारातील लुबाडणूक याच भ्रमावर पोसली जाते. उदाहरणादाखल पी ०१७१ हा क्रमांक घ्या. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढेच तो सांगतो. याचे कारण फुटलेला व्हॅक्यूम होज पाईप असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल, सायलेन्सरला सेन्सरच्या अलीकडे चीर गेली असेल, आणि सरतेशेवटी ऑक्सिजन सेन्सर स्वतःही नादुरुस्त असेल. विचारी मिस्त्री क्रमांकावर थांबत नाही. संगणक पेट्रोलचे प्रमाण किती टक्के वाढवून वेळ मारून नेतो आहे, तो आकडा तो पाहतो. इंजिन जागेवर चालू असताना हा आकडा मोठा असेल आणि फेरे वाढविताच उतरत असेल, तर कोठून तरी चोरून हवा शिरते आहे. उलट जोर पडताच आकडा चढत असेल, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. एवढा विचार करायला दहा मिनिटे लागतात. त्याने कधी कधी काही रुपयांच्या रबरी नळीवर काम भागते. ज्याला विचार करायचा नाही तो सरळ सेन्सर बदलतो, क्रमांक उडवितो, बिल हाती देतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि मग दुसरा भाग बदलला जातो.

पी ०४२० या क्रमांकाची कथाही अशीच. कन्व्हर्टर नीट काम करीत नाही, असे तो सांगतो. पण कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही. मिसिंग करणारे इंजिन किंवा आत तेल जाळणारे इंजिन त्याला मारते. मूळ कारण तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविणाऱ्या गिऱ्हाइकाला काही काळाने तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. मुर्ध्यासारख्या ठिकाणी याखेरीज स्थानिक कारणेही ध्यानात घ्यावी लागतात. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, अर्थिंग कमकुवत होते, आणि चांगल्या सेन्सरचे वाचन खोटे ठरते. उभ्या गाडीतील वायरी उंदीर कुरतडतात, ही तर मुंबई परिसरातील घरोघरची तक्रार. बाहेरून सीएनजीचे किट बसविलेल्या गाडीचा दिवा लागला तर ती आधी नुसत्या पेट्रोलवर चालवून दोष तेथेही दिसतो की केवळ गॅसवर, हे ताडून पाहावे लागते. गॅसला प्लगची ठिणगी जोरकस लागते आणि थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते ती गॅसवर नेत नाही. असले ज्ञान कोणत्याही कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात नसते. ते त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे गाड्या उघडणाऱ्या हातांत असते.

या हातांचा इतिहास मुंबईला नवा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीने शहराला टॅक्सी दिली आणि शेकडो गल्ल्यांतून मिस्त्री घडविले. कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर, एवढ्यावर तिचा प्रपंच चाले. उस्तादाच्या हाताखालचा पोऱ्या कानाने इंजिन ऐकायला शिके, प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखे, आणि काही वर्षांत स्वतःची टपरी टाके. त्याचे ज्ञान त्याच्या कानात व बोटांत असल्यामुळे ते कोणी कुलपात ठेवू शकत नव्हते. मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. दरम्यानच्या काळात इंजिनाचे कान संगणकात गेले होते. हॅरी ब्रेव्हरमन हा स्वतः तांब्याचे काम करणारा कारागीर होता. भांडवलशाही उत्पादनात कामाची कल्पना आणि कामाची कृती यांची फारकत केली जाते, कारागिराच्या डोक्यातील ज्ञान काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेले जाते, असे त्याने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले. त्याचे विवेचन कारखान्याच्या आतले आणि कचेऱ्यांचे होते. तीच प्रक्रिया आता कारखान्याबाहेर, विकून झालेल्या वस्तूच्या आत चालू आहे. गाडी ग्राहकाची झाली तरी तिच्याविषयीचे ज्ञान कंपनीकडेच राहते.

येथे कंपन्यांच्या बाजूची एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. प्रदूषणाशी संबंधित मूळ क्रमांक कायद्याने प्रमाणित आहेत आणि ते कोणत्याही स्वस्त वाचनयंत्राने वाचता येतात. पण त्या पलीकडे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे क्रमांक असतात. ब्रेक, एअरबॅग, चोरीरोधक यंत्रणा यांचे दोष वाचायला कंपनीचे खास यंत्र आणि त्याचा दरसालचा परवाना लागतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर नुसता बसवून भागत नाही, त्याचा संकेतांक गाडीच्या संगणकात भरून ओळख करून द्यावी लागते. भाग बाजारात मिळाला तरी ही ओळख करून देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याच दारात गाडी न्यावी लागते. मिस्त्रीच्या हातून काम निसटते ते या ठिकाणी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध ठाऊक असतो. विकणाऱ्याला वस्तूविषयी जे माहीत आहे ते घेणाऱ्याला नसेल तर बाजार कसा नासतो, हे त्यांनी जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने मांडले. त्यानंतर तीन वर्षांनी मायकेल डार्बी व एडी कार्नी या दोघांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. काही सेवा अशा असतात की आपल्याला कशाची गरज आहे हेच मुळी विकणारा सांगतो, आणि सेवा घेऊन झाल्यावरही ती गरजेची होती की नाही हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मोटारदुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण. रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला की निदान औषधाच्या नफ्याकडे झुकते. हा दिवा हे अंतर कमी करू शकला असता. आतली गोष्ट बाहेर सांगणारी यंत्रणा प्रथमच गाडीत आली होती. परंतु तिचे म्हणणे समजून घेण्याची साधने एका पक्षाकडेच राहिली आणि अज्ञानाची दरी उलट रुंदावली. खुली स्पर्धा हे सारे आपोआप ठीक करील असे सांगणाऱ्यांनी एवढेच पाहावे की गाडी घेताना कंपन्या अनेक असतात. घेतल्यानंतर तिच्या दुरुस्तीपुरती कंपनी एकच उरते.

ही समाजवाद्यांची अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निवाडा वाचावा. बाजारपेठेच्या तत्त्वज्ञानावरच उभारलेली ही संस्था. शमशेर कटारिया यांनी २०११ साली केलेल्या तक्रारीवरून तिने चौकशी केली आणि चौदा मोटार कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तके व निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजवाल्यांपासून रोखून धरून आपल्या वर्चस्वाचा दुरुपयोग केला, असा निष्कर्ष काढला. एकूण दंड २,५४४ कोटी रुपयांवर गेला. त्यांत सर्वांत मोठा, १,३४६ कोटींचा, टाटा मोटर्सला होता. दंडापेक्षा त्यातील आदेश महत्त्वाचे आहेत. सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करावीत, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, कारागिरांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करावी, असे आयोगाने बजावले. मग जे व्हायचे ते झाले. कंपन्या न्यायाधिकरणाकडे व दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या बाबतीत न्यायाधिकरणाने दुरुपयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र घटविला. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने स्पर्धा कायद्यावरील मुख्य घटनात्मक आक्षेप फेटाळले. एवढ्यात बाजारातल्या गाड्यांची एक पिढी बदलून गेली. भाईंदर, मिरे, घोडबंदर येथील जमिनींवर १८७० च्या ब्रिटिशकालीन पट्ट्याच्या आधारे एका खाजगी कंपनीने हक्क सांगितला आणि आपल्याच जागेत बांधायचे तर तिचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा, हा अनुभव तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे घेतला. मुर्ध्याच्या शेजारच्या या माणसांना स्वतःच्या गाडीवरील परक्याचा हक्क समजावून सांगावा लागणार नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, निदानाची साधने सर्वांहाती दिली तर अर्धशिक्षित कारागीर सुरक्षा यंत्रणा बिघडवतील, चोरांना किल्ल्या मिळतील, प्रदूषणाचे नियम चुकविले जातील. या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. चोरीरोधक यंत्रणेचे संकेत कोणालाही द्यावेत असे कोणी म्हणत नाही. युरोपीय संघाने २००७ च्या नियमनाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना प्रमाणित स्वरूपात खुली करणे बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली हा प्रश्न थेट मतदानाला टाकला गेला तेव्हा सुमारे ८६ टक्के मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. त्या देशांतील मोटारउद्योग यामुळे बुडाल्याचे दिसत नाही. आणि प्रदूषण चुकविण्याचे म्हणाल तर आजवरचा सर्वांत मोठा गुन्हा रस्त्यावरच्या गॅरेजने केलेला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीचे कारस्थान उघडकीस आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ करणारी आज्ञावली तिने डिझेल गाड्यांच्या संगणकात भरली होती. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत या गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट निघाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला. त्यासाठी सक्तीची कारवाई करू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. या गाड्यांतून एवढा विषारी वायू बाहेर पडत असताना चालकासमोरचा तो पिवळा दिवा लागत नव्हता. मालकाने शिकविले तेवढेच तो बोलत होता.

कारागिरांची बाजू घेताना त्यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. दिव्याची चीप काढून टाकणारे, क्रमांक उडवून ‘झाले काम’ म्हणणारे, कन्व्हर्टर काढून त्याजागी रिकामी नळी जोडणारे मिस्त्री आहेत. पोऱ्याला वर्षानुवर्षे बिनपगारी राबविणारे उस्तादही आहेत. पण क्रमांक उडविणाऱ्यांतील पुष्कळांना तो वाचून पुढे काय करावे हे शिकविण्याची सोय कोणीच केलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्या वयाच्या व धंद्याच्या माणसाला झेपणारा नसतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश आहे. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

एक विसंगती तर कोणाच्याही ध्यानात सहज येण्यासारखी आहे. ज्या हेतूने हा दिवा सक्तीचा झाला त्या हेतूसाठी शासन स्वतः तो वाचतच नाही. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र देणारे केंद्र धुराड्यात नळी घालते, इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते, डिझेलचा काळा धूर पाहते आणि कागद देते. फलकावर दिवा जळत असलेली गाडीही हा कागद घेऊन बाहेर पडू शकते. अमेरिकेतील अनेक राज्यांत दिवा जळता असेल तर गाडी तपासणीत नापास होते. तीच प्रथा येथे जशीच्या तशी आणावी असे मात्र म्हणता येणार नाही. हप्त्यावर गाडी चालविणाऱ्याला एका दिव्यापायी रस्त्यावरून उठविणे म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपकडे गिऱ्हाईक हाकलून देणे होईल. सोळा टाचण्यांच्या खोबणीत वाचनयंत्र खोचून क्रमांक व त्या क्षणीचे टिपण मराठीत छापून विनाशुल्क हाती देणे, आणि दुरुस्तीला पुरेशी मुदत देणे, एवढे प्रत्येक केंद्राला बंधनकारक करता येईल. हाती चिठ्ठी असलेला चालक कोणत्याही दुकानात गेला तरी ‘अमुक बदलावे लागेल’ या वाक्यापुढे मुकाट्याने मान तुकवणार नाही. निदान करणारा आणि सुटा भाग विकणारा वेगळा झाला तर बाजाराच्या नासण्याचे निम्मे कारण जाते.

कंपन्यांच्या खास यंत्रांचा परवाना एकट्या टपरीवाल्याला परवडत नाही. दहापंधरा गॅरेजवाल्यांनी मिळून घेतला तर परवडू शकेल. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली साखर कारखाने आणि दूध संघ उभे राहिले. निदानयंत्र, पेट्रोलचा दाब मोजण्याचा गेज, चोरहवा शोधण्याचे धुराचे यंत्र आणि वायरिंगचे नकाशे सामाईक ठेवणारी मिस्त्र्यांची संस्था त्याच कायद्याखाली उभी करण्यास कोणतीही अडचण नाही. अडचण येईल ती परवाना देणाऱ्या कंपनीच्या दारात, कारण मागणारा स्वतंत्र कारागीर असल्याचे पाहून ती टाळाटाळ करील. तेव्हा २०१४ चा निवाडा दाखवून लेखी मागणी करावी, नकार आला तर तोही लेखी घ्यावा. गॅरेजवाले, टॅक्सी व टेम्पो चालकांच्या संघटना आणि पक्षाच्या शाखा यांनी असे लेखी नकार गोळा केले, तर स्पर्धा आयोगापुढे जाणाऱ्या पुढच्या तक्रारीला पुराव्याची उणीव भासणार नाही.